वाचकांचे प्रश्न : एक अधिक मिळवले की मूळ संख्याच मिळते का?

प्रश्न : पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवल्यास ३, ७, ३१, २११ आणि २३११ या संख्या मिळतात व त्या सर्व मूळ आहेत. मग हा नियमच आहे, असे का म्हणू नये?

उत्तर : आपण पाच वेळा पडताळा घेतलात, हे चांगलेच केलेत, मात्र सहाव्या पायरीवर हे विधान कोसळते. २ ते १३ या सहा मूळ संख्यांचा गुणाकार ३००३० येतो, म्हणून तपासायची संख्या ३००३१. तिला १३ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने भागल्यास बाकी १ उरते, त्यामुळे सुरुवात १७ पासून करावी. तिचे वर्गमूळ १७३ च्या किंचित पुढे असल्याने १७३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासणे पुरेसे ठरते. अकराव्या भागाकारात, म्हणजे ५९ ने भागताना, बाकी शून्य येते : ५९ × ५०९ = ३००३१. नियम म्हटला की तो ‘नेहमी’ खरा असावा लागतो, त्यामुळे हे विधान खोटे ठरवायला एवढे एकच प्रतिउदाहरण पुरते.

हा गैरसमज बहुधा, मूळ संख्या अनंत आहेत हे दाखवणाऱ्या प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या सिद्धतेतून होतो, आणि तो दूर होणे मला फार महत्त्वाचे वाटते. नवी संख्या मूळच असते, असे ती सिद्धता म्हणत नाही. तिचा प्रत्येक मूळ अवयव आपण गुणाकारात घेतलेल्या मूळ संख्यांच्या यादीबाहेरचा असतो, एवढेच ती सांगते. ५९ आणि ५०९ हे दोन्ही अवयव तसेच आहेत.