आधी जाहिरातींची वही माग

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरच्या खासगी एफएम केंद्राचा इतिहास निपाणीत बसून लिहायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. आराखडा दोनदा वाचला. त्यात उद्घाटन आहे, मालक आहेत, निवेदक आहेत. जाहिराती कुठंच नाहीत. म्हणून हे पत्र.

गाण्यांचं केंद्र गाण्यांवर चालत नाही गं, जाहिरातींवर चालतं. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीनं सिनेसंगीताकडे पाठ फिरवली आणि ऐकणारे रेडिओ सिलोनकडे गेले. त्याच डिसेंबरात तिथं अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका म्हणजे टूथपेस्ट! कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेपा विमानानं कोलंबोला जायच्या. विविध भारती आली १९५७ मध्ये, पण तिथं जाहिराती वाजायला १९६७ उजाडलं, त्याही आधी मुंबई, पुणे, नागपूरला. तुझ्या केंद्राची वंशावळ इथून सुरू होते.

म्हणून केंद्रात गेलीस की आधी जाहिरातींची वही माग. दहा सेकंदांना काय दर होता, सकाळी काय, रात्री काय. निपाणीतल्या कुठल्या दुकानदारानं पहिली जाहिरात दिली, आणि का दिली? कानडी बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं मराठीत जाहिरात केली असेल तर ती शब्द न् शब्द उतरवून घे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, त्यामुळे गावाची खबर तुला या जाहिरातींतच सापडेल: कुठलं दुकान उघडलं, कुठला सेल लागला, कुठला क्लास सुरू झाला.

परवाना मिळतो शहरापुरता. कागदावर ते केंद्र कोल्हापूरचं. एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते, त्यामुळे चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीला गाणी स्वच्छ लागतात आणि बेळगावात खरखर. आपण परवान्याच्या बाहेरचे, कर्नाटकातले म्हणून राज्याच्याही बाहेरचे, तरी रोजचे ऐकणारे. आपली मोजदाद तिथं कुणी केली नसणार. ती तू करावीस असं मला फार वाटतं.

एफएम यायच्या कितीतरी आधी माझ्या रिपेरीच्या दुकानात विड्या वळणाऱ्या एक बाई ट्रान्झिस्टर घेऊन आल्या. वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "मास्तर, सांगली कुठं आनि धारवाड कुठं, खून करून द्या." मी पट्टीवर सांगलीच्या १२५१ पाशी तांबडा ठिपका दिला, कानडी धारवाडच्या ७६५ पाशी पांढरा. दिवसभर सूप मांडीवर, हात तंबाखूत, आणि काटा तांबड्यावर. नातीला कानडी शाळेत घातल्यावर काटा पांढऱ्यावरही जायला लागला, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. केंद्रातल्या कुठल्याही फायलीत हे तुला मिळणार नाही.

माझी एक चूक सांगतो. फर्माईशीची कार्डं लिहून द्यायचं काम मी वर्षानुवर्षं केलं. एका कार्डावर बारा-बारा नावं, घरातलं पाळण्यातलं पोरसुद्धा. प्रत्येक कार्डाची नक्कल मी एका वहीत ठेवायचो, हिशेब म्हणून. दुकान हलवताना ती वही रद्दीत घातली. आज ती असती तर तुझ्या हातात दिली असती. तेव्हा जे कागद दिसतील त्यांचे फोटो त्याच दिवशी काढ, उद्यावर टाकू नकोस. टेपांची आशा मात्र फार धरू नकोस. टेप महाग असायची, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं घ्यायचे.

रविवारी ये. त्या बाई आता नाहीत, पण सून त्याच घरात विड्या वळते आणि तो ट्रान्झिस्टर तिनं फळीवर ठेवलाय. तांबडा ठिपका अर्धा उडालाय, पांढरा अजून आहे. जाताना रेकॉर्डर लगेच पुढे करू नकोस. चहा होऊ दे, तिला तिच्या मनानं बोलू दे.

तुझा,
रेडिओवाला काका