हेल्पडेस्कची तीन वर्षं वाया गेलेली नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २६, हेल्पडेस्कवर तीन वर्षं, प्रोग्रॅमिंग जेमतेम, लॅपटॉपवर काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून त्यातली चार-पाच टूल्स चालवून पाहिलीत. आता कुठलं सर्टिफिकेट केलं म्हणजे एथिकल हॅकर म्हणून नोकरी लागेल? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "तीन वर्षं पासवर्ड रीसेट करण्यात वाया गेली."

मी चौदा वर्षं सिक्युरिटीत आहे, त्यातली नऊ पेनटेस्टिंगमध्ये, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघण्याच्या कामात. सर्टिफिकेटचं सांगतोच, पण आधी ते शेवटचं वाक्य. ते मला अजिबात पटलेलं नाही.

१५ जुलै २०२० ला ट्विटरवर बड्या बड्या लोकांच्या खात्यांवरून बिटकॉइन मागणारे ट्वीट पडले. हल्लेखोरांनी १३० खात्यांवर नेम धरला होता. सुरुवात झाली होती फोनवरून. त्यांनी कर्मचाऱ्यांना फोन लावले, आयटी हेल्पडेस्कवरून बोलतोय, व्हीपीएनची (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सोयीची) अडचण सोडवायची आहे असं सांगितलं आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर लॉगिन करायला लावलं. तिथून आतल्या टूल्सपर्यंत पोचले. ज्या खुर्चीला तुम्ही कंटाळलात, तिचं सोंग घेऊन हे झालं. घाईत असलेला माणूस हेल्पडेस्कशी कसा बोलतो, ओळख पटवायचा प्रश्न कुठे टाळला जातो, साहेबांचा फोन आला की कुठला नियम गुंडाळून ठेवला जातो, हे तुम्ही तीन वर्षं रोज ऐकलंय. कोर्समध्ये हे स्लाइडवर दाखवतात, तुम्हाला ते कानांनी माहीत आहे.

दुसरं उदाहरण वॉनाक्राय या फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचं. १२ मे २०१७ ला तो पसरला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तो ज्या भोकातून शिरत होता, त्याचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने हातात होते. मग पॅच का लागले नाहीत? हे तुम्ही कुठल्याही नवख्या पेनटेस्टरपेक्षा चांगलं सांगू शकाल. रीस्टार्ट करायला कोणी तयार नसतं, एखादं जुनं सॉफ्टवेअर नव्या अपडेटवर चालत नाही, एखादी मशीन कोणाच्या यादीतच नसते. सिक्युरिटीचं निम्मं काम याच गाठी सोडवण्याचं आहे.

आता काली. काली ही अवजारांची पेटी आहे. ती उघडून बसल्याने सुतारकाम येत नाही, आणि तुम्ही नेमके तिथेच अडकलाय. एनमॅप चालवलं, पोर्टची (मशीनमध्ये शिरायच्या क्रमांकित दारांची) यादी आली, पुढे काय? यादी वाचता येत नाही तोवर पुढे काहीच नसतं. म्हणून पेटी बंद करा आणि आपल्याच मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा टिपून दाखवणारं टूल) सुरू करा. ब्राउझरमध्ये एकच साइट उघडा आणि कॅप्चर थांबवा. शेकडो ओळी दिसतील, घाबरू नका. पहिल्यांदा डीएनएसची विचारणा शोधा: पोर्ट ५३, "या नावाचा आयपी पत्ता काय?" ती सापडलीच नाही, तर ब्राउझर बहुधा ती विचारणा कूटबद्ध करून, एचटीटीपीएसमधून पाठवतोय. ते का आणि कुठे बदलायचं हे शोधण्यात एक संध्याकाळ घालवा, सत्कारणी लागेल. मग सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक ही जोडणी सुरू करणारी तीन पाकिटं शोधा. साइट क्विकवर (जोडणीच्या नव्या पद्धतीवर) चालत असेल तर ती दिसणार नाहीत, यूडीपी ४४३ दिसेल. पुढे टीएलएसचा (कूटबद्ध जोडणीचा) क्लायंट हॅलो, म्हणजे ब्राउझरचा पहिला निरोप, उघडा. मजकूर सगळा कूटबद्ध, पण साइटचं नाव बहुतेक वेळा त्यात उघडं वाचता येतं.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की एनमॅप आपोआप कळतं. तो एक सिन पाठवतो. सिन-अ‍ॅक परत आलं तर पोर्ट उघडं, रीसेट आलं तर बंद, काहीच आलं नाही तर बहुधा मध्ये फायरवॉल आहे. एवढंच तर आहे त्यात! पण ही गोष्ट समजून यादी वाचणारा आणि न समजता वाचणारा, यांच्यातला फरक मुलाखतीत दोन मिनिटांत दिसतो.

प्रोग्रॅमिंगची धास्ती सोडा. मोठी अ‍ॅप्लिकेशन्स लिहायची नाहीयेत. लॉग फाइल वाचून त्यातून हवं ते गाळणारी तीस ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिता यावी, लिनक्सच्या कमांड लाइनवर अडखळायला होऊ नये, एसक्यूएलची साधी क्वेरी लिहिता यावी आणि दुसऱ्याचा कोड वाचून साधारण काय चाललंय ते कळावं. वाचता येणं लिहिण्यापेक्षा जास्त कामाला येतं. हार्टब्लीड ही चूक आठवून पाहा, २०१४ ची. ओपनएसएसएल या जोडणी कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढंच तपासायचं राहून गेलं होतं. चार अक्षरं पाठवून "६४ केबी परत दे" म्हटलं की सर्व्हर आपल्या मेमरीतलं पुढचं काहीही काढून देत होता. ती चूक समजायला सी भाषेत पारंगत असावं लागत नाही, पण "इथे तपासणी का नाही?" हा प्रश्न पडावा लागतो.

सरावासाठी ओव्हरदवायर या साइटवरचा बॅन्डिट हा खेळ घ्या, फुकट आहे आणि कमांड लाइन पक्की करून घेतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच एका फाइलचं नाव नुसती एक आडवी रेघ आहे आणि ती नेहमीच्या पद्धतीने उघडत नाही. का उघडत नाही हे कळलं की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) कसा विचार करतो ते कळलं. वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, तीही फुकट, आणि माझ्या मते याहून चांगलं साहित्य पैसे मोजूनही क्वचितच मिळतं. घरच्या लॅबसाठी ज्यूस शॉप (सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइट) किंवा मेटास्प्लॉइटेबल. मेटास्प्लॉइटेबल मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं आहे, त्यामुळे त्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क होस्ट-ओन्लीच, म्हणजे फक्त तुमच्या लॅपटॉपपुरतं ठेवा. ब्रिज्ड ठेवलंत तर ती भोकं तुमच्या सगळ्या नेटवर्कला उघडी होतात.

आता खरं महत्त्वाचं. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. एका कंपनीच्या पोर्टलवर ग्राहकाला आपल्या बिलाची पीडीएफ उतरवून घेता यायची. पत्त्याच्या शेवटी बिलाचा क्रमांक. मी ४१०७ च्या जागी ४१०८ टाकलं आणि भलत्याच ग्राहकाचं बिल उघडलं, नाव-पत्त्यासकट. क्रमांक बदलून दुसऱ्याचं उघडता येणं, या चुकीला आयडीओआर म्हणतात. मी अहवालात लिहिलं: "आयडीओआर आढळला. तीव्रता जास्त. योग्य ऑथरायझेशन लावावं." आठवड्याभराने उत्तर आलं, "आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही," आणि मुद्दा बंद. डेव्हलपरने अ‍ॅडमिनच्या खात्यातून तपासलं होतं. अ‍ॅडमिनला सगळी बिलं दिसायलाच हवीत, त्याला त्यात वावगं काय वाटणार? मी कुठलं खातं वापरलं हेच अहवालात नव्हतं. तीन आठवडे लोकांची बिलं तशीच उघडी राहिली, आणि ती माझ्या तीन वाक्यांमुळे राहिली. ते मला आजही बोचतं.

दुसऱ्यांदा असं लिहिलं: चाचणीची दोन खाती, अ आणि ब, दोन्ही साधे ग्राहक. ब च्या नावावर बिल ४१०८. अ म्हणून लॉगिन केलं, स्वतःचं ४१०७ उतरवलं, ती विनंती जशीच्या तशी ठेवून फक्त क्रमांक बदलला. अपेक्षित उत्तर ४०३ (मनाई), मिळालेलं उत्तर २०० (ठीक) आणि ब ची पीडीएफ. उपाय: फाइल देण्याआधी बिलाचा मालक आणि सेशनमधला वापरकर्ता एकच आहे का, हे सर्व्हरने तपासावं. नुसता क्रमांक ओळखायला अवघड केल्याने भागणार नाही. दोन दिवसांत दुरुस्त झालं. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत अशाच चुकांचा गट, ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, पहिल्या क्रमांकावर आहे.

पगार भोक सापडल्याचा मिळत नाही. दुसऱ्या माणसाला ते तसंच्या तसं दिसावं आणि बुजवता यावं, याचा मिळतो. आणि तुम्ही गेली तीन वर्षं काय लिहिताय? तिकिटं. कुठली मशीन, कुठला वापरकर्ता, काय केल्यावर काय झालं, काय व्हायला हवं होतं. हाच अहवालाचा सांगाडा आहे. चांगलं तिकीट लिहिणारा माणूस मला मिळाला तर टूल्स मी त्याला शिकवतो. उलटं करणं फार अवघड जातं.

परवानगीबद्दल एकच प्रसंग सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन पेनटेस्टर रात्री एका कोर्टाच्या इमारतीत शिरले. काम राज्याच्या न्यायव्यवस्थेने दिलेलं, पत्र सोबत. अलार्म वाजला, ते पळाले नाहीत, पोलिसांना पत्र दाखवलं. तरी अटक झाली, कारण इमारत काउंटीची (जिल्ह्याची) आणि परवानगी राज्याची. गुन्हे मागे घ्यायला जानेवारी २०२० उजाडला. लेखी परवानगी असलेल्यांची ही गत, तर "सहज बघत होतो" म्हणणाऱ्याचं काय होईल? दुसऱ्याच्या साइटवर, डेटाबेस चुकतो का हे पाहायला, एक अवतरणचिन्ह टाकून बघणंसुद्धा परवानगीशिवाय करू नका. बग बाउंटीतही (चुका शोधणाऱ्याला कंपनी बक्षीस देते त्या योजनेत) स्कोपचं, म्हणजे काय तपासायची मुभा आहे त्याचं पान आधी वाचा, त्यात नसलेल्या सबडोमेनला हात लावू नका. आणि पुरावा मिळाला की थांबा. एक बिल दिसलं की मुद्दा सिद्ध झाला, शंभर बिलं उतरवणं हा गुन्हा आहे. बग बाउंटीला सुरुवातीला पोटापाण्याचं साधन समजू नका. बरेच रिपोर्ट "आधीच कळवलंय" म्हणून परत येतात.

सर्टिफिकेट. पाया नसेल तर सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचं सर्टिफिकेट ठीक, अभ्यासाला शिस्त लागते. सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) हे नाव एचआरच्या चाळणीतून पुढे जायला कधीकधी उपयोगी पडतं, पण त्याच्या जोरावर हातातलं काम येईल असं समजू नका. ओएससीपी हे पेनटेस्टिंगचं सर्टिफिकेट मला मोलाचं वाटतं, कारण परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर असते: २३ तास ४५ मिनिटं, आणि त्यानंतर २४ तास अहवाल लिहायला. बघा, तिथेही अहवाल आलाच. पण ते आत्ता नको. वर्षभर सराव झाल्यावर घ्या, नाहीतर फी आणि उमेद दोन्ही जातील.

आणि पहिली नोकरी पेनटेस्टरचीच हवी हा हट्ट सोडा. हेल्पडेस्कवरून एसओसीत (हल्ल्यांवर पाळत ठेवणाऱ्या टीममध्ये) किंवा व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंटमध्ये (भोकं शोधून बुजवून घेणाऱ्या टीममध्ये) जाणं जास्त सोपं आहे. तिथे रोज अलर्ट बघता, हल्ला दुसऱ्या बाजूने कसा दिसतो ते कळतं. माझ्या ओळखीतले उत्तम पेनटेस्टर बहुतेक असेच आलेत.

तुमच्या कंपनीत सिक्युरिटीची टीम असेल तर या आठवड्यात त्यांना भेटा. मॅनेजरची लेखी संमती घ्या आणि पासवर्ड रीसेटची तुमची सध्याची पद्धत कागदावर मांडा: फोन करणाऱ्याला काय विचारतो, त्यातली कुठली उत्तरं बाहेरच्याला सहज मिळतील, घाईच्या वेळी कुठली पायरी गळते, ओळखपत्रावरचा क्रमांक विचारण्याऐवजी कर्मचाऱ्याच्या नोंदीतल्या नंबरवर उलटा फोन केला तर काय बदलेल. दोन पानं पुरेत. खऱ्या कॉलमधली नावं त्यात घालू नका. तो तुमचा पहिला सिक्युरिटी रिपोर्ट, आणि मुलाखतीत "काय केलंय?" विचारलं की आधी तोच समोर ठेवा.