माझ्या स्प्रिंगच्या पॉइंट १७७ (०.१७७ इंची छर्र्याच्या) एअर रायफलवरचा स्कोपचा, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचा, माउंट दर ३०-४० छर्‍यांनी ढिला होतो, कितीही आवळला तरी तेच. काय करावं?

स्प्रिंगची पॉइंट १७७ आहे असं तुम्ही लिहिलंय. मग तुमचा माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड, बहुतेक ढिला होत नसून मागे सरकतोय. सरकणारा माउंट नुसता आवळून थांबत नाही, उलट स्क्रूचे आटे जातात.

स्प्रिंगच्या रायफलीला दोन झटके असतात. चाप ओढला की जड पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबला की तीच रायफल जोरात पुढे जाते. स्कोप मात्र जागेवर राहू बघतो, म्हणजेच रेलवर (माउंट बसतो त्या रायफलीवरच्या खाचेच्या पट्टीवर) मागे घसरतो. काडतुसाच्या रायफलीत हे नेमकं उलटं होतं. त्यामुळे ‘माउंट पुढे ढकलून मग आवळा’ हा नेटवर सर्रास मिळणारा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

आधी खात्री करा. माउंटच्या मागच्या कडेला, रेल आणि माउंट दोन्हींवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारा. २० छर्रे मारा. रेघ तुटली तर माउंट सरकतोय. रेघ शाबूत आणि तरी नेम हलतोय, तर माउंटला दोष देऊ नका. दस्त्याचे स्क्रू बघा, पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचा. स्प्रिंगच्या रायफलीत ते हमखास सैल होतात, आणि माउंटच्या बऱ्याच तक्रारी खरं तर त्यांच्याच असतात. तेही घट्ट असतील तर स्कोप आतून गेलाय का ते बघा; उलटसुलट झटके साधा स्कोप फार दिवस सोसत नाही, एअरगनसाठी बनवलेलाच लागतो.

रेघ तुटली असेल तर रायफल कॉक केलेली (स्प्रिंग दाबून ठेवलेली) नाही आणि नळीत छर्रा नाही हे पाहून माउंट पूर्ण उतरवा. आपल्याकडे नाशिकच्या पावसात गंज नको म्हणून रायफलीला सढळ हाताने तेल लावतात. ते तेल रेलच्या खाचेत उतरतं आणि पकड जाते. खाच, माउंटचे जबडे आणि स्क्रूचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खाचेसाठी कान साफ करायची कापसाची काडी वापरा. कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत पुसायचं. थिनरही चालतो, पण दस्त्याच्या पॉलिशला आणि स्कोपच्या काचेला लागू देऊ नका.

आता स्टॉप पिन. रेलवर मागच्या बाजूला एक-दोन छोटी भोकं असतात. माउंटमधली पिन त्या भोकात उतरवा, माउंट मागे ओढून पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवा आणि मगच आवळा. पिन भोकात नुसती लोंबत असेल तर उपयोग शून्य. भोकं नसतील तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉप ब्लॉक बसवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ड्रिल मारून देणारे भरपूर आहेत, पण रेलमध्ये भोक पाडून घेऊ नका; तिच्या खालीच पिस्टनची नळी असते.

स्कोपची नळी धरणाऱ्या दोन सुट्या रिंगांऐवजी एकसंध माउंट घ्या, रेलवर पकड जास्त लांब मिळते. ११ मिमीच्या रेलवर अडॅप्टर लावून रुंद माउंट बसवला असेल तर सरकायच्या जागा दोन होतात. तो काढाच.

आवळताना योग्य मापाची ॲलन की घ्या (बहुतेक २.५ किंवा ३ मिमी). झिजलेली की स्क्रूचं डोकं गोल करते. तळाच्या, म्हणजे माउंट रेलवर पकडणाऱ्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एकेक थेंब द्या आणि २४ तास हात लावू नका. लाल थ्रेडलॉकर नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. रिंगांच्या स्क्रूंना काहीच लावू नका: ओला थ्रेडलॉकर वंगणाचं काम करतो, मग जास्त आवळलं जाऊन स्कोपची नळी चेपते. तिथे १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) नसेल तर कीचा लांब दांडा स्क्रूत घालून आखूड दांडा दोन बोटांनी फिरवा. स्क्रू तिरपे, आलटून-पालटून, अर्धा-अर्धा फेरा आवळा. रिंगेच्या दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे.

मग रेघ नव्याने मारा, २० छर्रे मारून ती शाबूत आहे हे बघा आणि त्यानंतरच स्कोप झिरो करा, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवा.