जागतिक प्रदर्शनातल्या भारताच्या दालनाचा आराखडा करायचा आहे. विषय 'नवकल्पना आणि शाश्वतता'. सुरुवात कुठून करावी?

मी नागपुरात प्रदर्शनांचे स्टॉल उभारतो. देशाचं दालन केलेलं नाही, हे आधीच सांगतो. पण पर्यावरण याच विषयावरचं एक प्रदर्शन केलंय, आणि त्यातली फजिती तुमच्या कामाची आहे. प्लायवूड, सनबोर्ड, फ्लेक्स, खाली हिरवं कार्पेट. चार दिवसांनी सामान उतरवलं तर दोन ट्रक कचरा. 'पृथ्वी वाचवा' लिहिलेला सगळ्यात मोठा फ्लेक्स आमच्या मांडववाल्याने गोठ्यावर टाकायला नेला. पुनर्वापर झाला तो तेवढाच.

म्हणून सुरुवात शेवटच्या दिवसापासून करा. प्रत्येक वस्तूपुढे लिहा: प्रदर्शन संपल्यावर ही कुठे जाणार? २००० साली जर्मनीत हॅनोव्हरला झालेल्या जागतिक प्रदर्शनात स्विस वास्तुकार पीटर झुमथोर यांनी स्वित्झर्लंडचं दालन नुसत्या तुळया एकावर एक रचून केलं. खिळा नाही, सरस नाही. पोलादी सळया आणि स्प्रिंगांनी सगळं आवळलेलं. लाकूड ओलं होतं, वाळून आकसलं तरी स्प्रिंगांमुळे पकड सुटत नव्हती. शेवटी तुळया उतरवून विकल्या. दालन कसलं, लाकूड वाळवायची वखारच ती! त्याच प्रदर्शनात जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी जपानचं दालन कागदी नळ्यांचं केलं होतं. भारतानेही २०१० मध्ये शांघायला बांबूचा घुमट उभारला.

बांबू चंद्रपूर-गडचिरोलीकडे भरपूर मिळेल, पण बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवून घ्या, नाहीतर भुंगा लागतो. माल ज्या लाकडी खोक्यांतून जाणार, त्यांवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा (लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं). नसेल तर बंदरातच अडकाल.

आता आत काय दाखवायचं? सगळी राज्यं, सगळ्या योजना आणि चाळीस पॅनेल तर नकोच, वरून कितीही आग्रह झाला तरी. उभ्याने कोणी वाचत नाही. एक गोष्ट घ्या. मी असतो तर आमच्या भांडेवाडीचं पाणी घेतलं असतं. शहराचं सांडपाणी तिथे शुद्ध होतं आणि कोराडीच्या वीज केंद्राला जातं. प्रकल्प रोज १३० दशलक्ष लिटरचा. एक लांब काचेची नळी, एका टोकाला गढूळ पाणी, दुसऱ्या टोकाला नितळ, आणि पुढे पेटलेला एक दिवा. पोराटोरांनाही कळेल.

गारव्यासाठी वाळ्याच्या ओल्या ताट्या लावायचा मोह मात्र आवरा. नागपूरकराला तो होतोच. आमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, म्हणून गारवा मिळतो. प्रदर्शन समुद्राकाठच्या दमट शहरात असेल तर नुसती चिकचिक होईल.

आराखडा मंजूर झाला की एक भाग गोदामात खऱ्या मापात उभा करा आणि ज्यांनी तो बांधला नाही अशा चार माणसांकडून उतरवून घ्या. जिथे त्यांना करवत हातात घ्यावी लागेल, तो सांधा बदला.