काळ्या कंठ्याचा होला आपलाच, परका नव्हे

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंचा प्रश्न आला आहे. रब्बी ज्वारी पेरली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी राखाडी होल्यांचा थवा रानात उतरला. मानेवर काळी पट्टी. गावात मोबाइलवर निरोप फिरतोय की हे होले परदेशी आहेत, कुणीतरी बाहेरून आणून सोडलेत, औषध घालून मारले तरी चालते. हे खरे का? दुसरा प्रश्न बार्शीकडचा आहे. लग्नात हौसेने सोडलेले दोन पांढरे होले आता आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर बसतात, त्यांची पैदास वाढून त्रास होईल का? दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे, म्हणून उत्तर एकत्र देतो.

आधी औषधाचे बोलतो, कारण तिथे उशीर परवडणार नाही. कृपा करून रानात विषारी दाणे टाकू नका. होला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे, त्याला मारणे गुन्हा आहे. आणि विषाच्या दाण्याला होला कोण, तुमची कोंबडी कोण, हे कळत नाही. बांधावरचा मोर तोच दाणा टिपतो. मेलेला होला कुत्र्याने खाल्ला की तेही जाते. हे मी पाहिले आहे, पुन्हा पाहायचे नाही.

आता त्या निरोपाचे. काळी पट्टी असलेला हा राखाडी होला म्हणजे पठाणी होला. नावात पठाणी आहे म्हणून तो बाहेरचा ठरत नाही. तो इथलाच, आपल्या आजोबा-पणजोबांच्या खळ्यावर दाणे टिपणारा पक्षी आहे. उलट जगात जिथे जिथे हा पक्षी उपरा म्हणून ओळखला जातो, तिथे तो आपल्या बाजूने गेलेला आहे. भारतापासून तुर्कस्तानपर्यंत याचा मूळ मुलूख. विसाव्या शतकात तो बाल्कन देशांतून युरोपभर पसरत गेला आणि 1955 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक भागात त्याने पहिल्यांदा घरटे केले. तिथवर तो स्वतःच्या पंखांवर गेला. अमेरिकेत मात्र माणसाने नेला. 1974 मध्ये बहामा बेटांवर नासाऊ शहरात पाळीव पक्ष्यांच्या एका दुकानात चोरी झाली, त्यात काही होले सुटले आणि उरलेले मालकाने सोडून दिले. 1980 च्या दशकात ते समुद्र ओलांडून फ्लोरिडात पोहोचले. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ते दिसतात.

गंमत अशी, की फ्लोरिडातल्या पक्षी अभ्यासकांनाही पहिली काही वर्षे हा कोण ते ओळखता आले नाही. पिंजऱ्यात पाळतात तो पाळीव होलाच सुटला असेल, असे त्यांना वाटत राहिले. तो पाळीव होला आफ्रिकेतल्या वेगळ्या जातीपासून माणसाने तयार केला आहे. मानेवरची पट्टी दोघांनाही असते, म्हणून चूक होते. बार्शीच्या बंधूंचे पांढरे पाखरू तेच असणार.

ओळखायचे कसे? पट्टीवर विसंबू नका. पक्षी तारेवर बसला की खाली उभे राहून शेपटीची मुळाकडची खालची पिसे बघा. पठाणी होल्याची ती पिसे राखाडी असतात, पाळीव होल्याची पांढरी. पठाणीच्या पंखांची टोके अंगापेक्षा ठळक काळपट दिसतात. आणि कान द्या: पठाणी तीन ठोक्यांत घुमतो, कु-कूऽऽ-कु, मधला ठोका लांब. पाळीव होल्याचे घुमणे दोन तुकड्यांचे, दुसरा तुकडा घोळवलेला. एकदा कानात बसले की घरात बसूनही सांगता येते.

उपजात म्हणजे काय, असाही प्रश्न आला आहे. बैलांची खिलार जात आपल्याला माहीत आहे. आटपाडी महाल आणि म्हसवडी, दोन्ही खिलारच, पण जाणकार लांबूनच फरक सांगतो. खिलारात तो फरक माणसाने निवड करून आणला, रानपाखरांत मुलूख आणि हवामानाने आणला. ठिपकेवाला होला, ज्याला कवडा म्हणतात, त्याचे उदाहरण चांगले आहे. आपल्याकडच्या उपजातीचे शास्त्रीय नाव सुराटेन्सिस, सुरतेवरून पडलेले. तिच्या पंखांवर गुलाबी-तांबूस ठिपके असतात. चीनकडची चायनेन्सिस आणि आग्नेय आशियातली टायग्रिना यांच्या पंखांवर असे ठिपके नसतात. ऑस्ट्रेलियात माणसाने नेऊन सोडलेले कवडे या दोन पूर्वेकडच्या उपजातींचे, तिथे त्यांचा संकरही झाला. लॉस एंजेलिसच्या परिसरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडलेला कवडाही पूर्वेकडचाच. म्हणजे नाव कवडा असले तरी तिथला पक्षी आपल्या बांधावरचा नव्हे. भोरीचेही तसेच. आपल्याकडच्या छोट्या तपकिरी भोरीच्या उपजातीला खंभातवरून कॅम्बेएन्सिस म्हणतात, आणि याच जातीचे पक्षी 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात प्राणिसंग्रहालयातून सोडले गेले, ते आजही तिथे नांदताहेत. कवडा आणि भोरी पूर्वी पठाणी होल्याच्याच गटात धरत. आता त्यांचा गट वेगळा, स्पायलोपेलिया.

हे सगळे शेतकऱ्याला कशासाठी? कारण "परदेशी" हा शिक्का एकदा बसला की विष घालायला हात कचरत नाही. म्हणून शिक्का मारण्याआधी पाखरू नीट बघा.

नुकसान मात्र खरे आहे, ते मी नाकारत नाही. गेल्या हंगामात पेरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका रानात बांधावर बसून होतो. होले रानाच्या मधल्या ओळींत जवळपास नव्हतेच. थवा होता तो बांधाकडेला, जिथे तिफण, म्हणजे पेरणीचे औत, वळते. वळताना तिफण उचलली जाते, बी सोडायच्या चाड्यातले बी चालूच राहते आणि ढेकळांवर सांडते. तिथली माती मी हाताने बाजूला केली तर दाणे उघड्यावर, काही नुसते ढेकळाला टेकलेले. होला पायाने माती उकरत नाही, चोचीला दिसेल आणि लागेल तेवढेच खातो. बी 5 सेंटीमीटर खोल आणि मातीआड असेल तर त्याचे काही चालत नाही. म्हणून वळताना चाड्यावरचा हात आवरा, पेरणीनंतर लगेच उलटा कुळव फिरवून बी झाका, बांधाकडेचे सांडलेले बी वेचा. गंधक किंवा थायरम हे बुरशीनाशक लावलेले बी उरले तर बांधावर फेकू नका, खड्ड्यात पुरा. उगवण होईपर्यंत सकाळी आणि उन्हं कलल्यावर रानात एक माणूस ठेवा, चकाकणाऱ्या फिती ताणा.

आणि कणीस चिकात आल्यावर जी धाड पडते, तिचा आळ होल्यावर घालू नका. कणसावर लोंबकळून दाणा काढणारे पोपट, चिमण्या, सुगरणी आणि हिवाळ्यात ढगासारख्या येणाऱ्या भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना. होला पडलेले वेचतो, आणि त्यात तणांचे बीही भरपूर असते. गोफण आणि माळा हवा तो भोरड्यांसाठी.

कोंबड्या असतील तर खाद्याची भांडी जाळीच्या आत ठेवा, पाण्याचीही. मानमोडी आणि घशाचे काही रोग रानपाखरांकडून येऊ शकतात.

बार्शीच्या बंधूंना सांगणे असे. दोन पाळीव होल्यांपासून लगेच संकट येणार नाही, असे सोडलेले बरेचसे पक्षी शिकरा किंवा मांजराच्या तोंडी जातात. पण नासाऊमध्येही सुरुवात एका दुकानातल्या पिंजऱ्यांपासूनच झाली होती. ते पकडता आले तर पकडून पाळणाऱ्याकडे द्या, आणि पुढच्या लग्नात पाखरे सोडायचा बेत असेल तर घरच्यांना समजावा. फोटो पाठवाल तेव्हा पक्षी खालून टिपा, शेपटीची खालची बाजू दिसली पाहिजे.