युरोपात मशीद बांधायला निघालं की वाद का पेटतो?

तुमचा प्रश्न असा : धर्मस्वातंत्र्य घटनेतच लिहिलेलं असताना युरोपात मशीद बांधायची म्हटली की आजूबाजूचे लोक रस्त्यावर का उतरतात?

सगळ्या युरोपाचं मी काय सांगणार! पण नोकरीनिमित्त जर्मनीत कोलोनला नऊ वर्षं काढली, त्यातली सहा एरेनफेल्ड भागात. जर्मनीतलं मशिदीचं सगळ्यांत गाजलेलं भांडण तिथलंच. मी राहायला गेलो तोवर आरडाओरडा संपला होता, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक शेजारी ती हकिगत आपापल्या परीने सांगायचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. वाद नमाजावरून नव्हता. डिटिब या तुर्की मुस्लिमांच्या संघटनेचं ठाणं, जिथे नवी मशीद उभी राहिली त्याच जागेवर, १९८४ पासून होतं आणि जुन्या कारखान्याच्या इमारतीत नमाज रोज होत होता. कोणी हरकत घेतली नाही. जर्मन भाषेत अशा जागांना ‘मागच्या अंगणातली मशीद’ असा शब्दच आहे : बाहेर पाटी नाही, घुमट नाही, गॅरेज ओलांडून आत जायचं. ती दिसत नाही तोवर सगळं सुरळीत असतं. अंगणातली मशीद रस्त्यावर यायला निघाली, दगडी-काँक्रीटची झाली, की ‘हे लोक आता परत जाणार नाहीत’ ही गोष्ट सगळ्या गल्लीला एकदम कळते.

परत जातील असं मुळात का वाटलं होतं? १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. त्या माणसांना नावच मिळालं ‘पाहुणे कामगार’. पाहुण्याला देवघर कोण बांधून देतो? गंमत म्हणजे सुरुवातीला हे पाहुणचाराचं नातं बरंच सैल होतं. १९६५ च्या फेब्रुवारीत रमजान संपला तेव्हा कोलोनच्या जगप्रसिद्ध कॅथेड्रलमध्ये काही शे तुर्की कामगारांना नमाज पढू दिला होता. आज हे तिथल्याच तरुण पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

नव्या मशिदीचा आराखडा वास्तुविशारद पाउल ब्योम यांचा. यांचे आजोबा आणि वडील दोघंही चर्च बांधण्यासाठी नावाजलेले. वडील गॉटफ्रीड यांना वास्तुकलेतला १९८६ चा प्रिट्झकर पुरस्कार मिळालेला. म्हणजे कॅथलिक चर्चबांधणीच्या घराण्याकडे मशिदीचं काम. दोन मिनार, प्रत्येकी ५५ मीटर. विरोधकांनी हा आकडा धरून ठेवला. शहराची ओळख बिघडेल, कॅथेड्रलला झाकोळ येईल, असं बोललं जाऊ लागलं. कॅथेड्रलची उंची १५७ मीटर आणि ते दोनेक किलोमीटर लांब. मशिदीच्या जवळच २६६ मीटरचा टीव्ही टॉवर उभा आहे, त्याने कोणाची ओळख बिघडवली नव्हती. कागदोपत्री हरकती मात्र पार्किंग, वाहतूक, उंची अशाच असतात. महापालिकेच्या सुनावणीत ‘मला हे लोक नकोत’ असं लिहून देता येत नाही, ‘गाड्या कुठे लावणार’ असं लिहून देता येतं.

म्हणून सगळे विरोधक एका माळेचे मणी होते असंही नाही. ‘प्रो कोलोन’ हा अतिउजवा गट यावर मतं मागत होता, हे उघड होतं. पण २००७ मध्ये राल्फ जॉर्डानो हे ज्यू लेखक, नाझींच्या तावडीतून वाचलेले, वय ऐंशीच्या पुढे, यांनीही जाहीर विरोध केला. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. आपल्या बाजूने प्रो कोलोनने उभं राहावं हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. उलट बाजूला महापौर फ्रिट्झ श्रामा, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे, मशिदीच्या बाजूने ठाम उभे राहिले. ऑगस्ट २००८ मध्ये महापालिकेत मतदान झालं तेव्हा त्यांच्याच पक्षाने विरोधात मत दिलं, आणि इतर पक्षांच्या बळावर आराखडा मंजूर झाला.

पुढच्याच महिन्यात प्रो कोलोनने युरोपभरच्या पाहुण्यांना बोलावून ‘इस्लामीकरणविरोधी’ परिषद भरवायचं ठरवलं. हजारो कोलोनकर रस्त्यावर उतरले, टॅक्सीवाल्यांनी परिषदेच्या पाहुण्यांना बसवून घेतलं नाही, बारवाल्यांनी कोल्श, म्हणजे इथली लाडकी बिअर, द्यायला नकार दिला. पाहुण्यांना ऱ्हाइन नदीत बोटीवर अडकून बसावं लागलं आणि सभा पोलिसांनी शेवटी रद्द केली. शेजारचे एक आजोबा हा प्रसंग दरवेळी रंगवून सांगायचे, आणि दरवेळी गर्दी थोडी वाढलेली असायची.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं.

२००९ मध्ये पायाभरणी झाली, २०११ मध्ये बांधकामातल्या चुकांवरून डिटिबने ब्योम यांनाच काढून टाकलं. मग मध्यस्थी झाली, ते सल्लागार म्हणून राहिले. काम रखडत रखडत उद्घाटन झालं २९ सप्टेंबर २०१८ ला, आणि फीत कापायला आले थेट तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान. महापौर हेन्रिएटे रेकर आणि राज्याचे मुख्यमंत्री आर्मिन लाशेट दोघंही गेले नाहीत. ज्या श्रामांनी यासाठी स्वपक्षाशी वैर घेतलं, तेही दुखावले गेले. त्याआधी वर्ष-दीड वर्ष, डिटिबचे काही इमाम गुलेन या एर्दोगानविरोधी धर्मगुरूच्या समर्थकांची माहिती तुर्कस्तानला कळवतात असं प्रकरण गाजलं होतं.

माझ्या मते खरा प्रश्न हा होता, आणि मिनारांच्या मीटरमध्ये तो पार बुडाला. इमामांना पगार अंकाराहून, म्हणजे तुर्कस्तान सरकारकडून, का येत होता? कारण पाहुण्यांचा धर्म हे पाहुण्यांच्या सरकारने बघावं असं जर्मनीनेच दशकानुदशकं चालू दिलं. तिथे पहिल्या पगाराआधी ऑफिसच्या फॉर्मवर धर्म विचारला, तेव्हा मी चपापलो. कळलं की ख्रिश्चन असलात तर आयकराच्या ८ ते ९ टक्के चर्चकर सरकारच कापून चर्चला देतं. डिटिबसारख्या संघटनांना ही सोय नाही. मग पैसा एक तर सभासदांच्या खिशातून, नाही तर परदेशातून. दुसरा दरवाजा उघडा ठेवायचा आणि वर त्यातून कोण आलं म्हणून ओरडायचं! तुर्कस्तानातून इमाम पाठवणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं आणि ते जर्मनीतच तयार करायचे, हे ठरायला डिसेंबर २०२३ उजाडला.

स्वित्झर्लंडचं वेगळं. तिथे थेट सार्वमत. वांगेन नावाच्या गावात सहा मीटरच्या मिनारावरून सुरू झालेलं भांडण २९ नोव्हेंबर २००९ ला देशाच्या मतपेटीत पोचलं आणि ५७.५ टक्के लोकांनी नवे मिनार घटनेनेच बंद केले. तेव्हा अख्ख्या देशात मिनार होते चार.

आणि हे फक्त मुस्लिमांपुरतं आहे असं समजू नका. कोलोनहून दीड तासावर हाम शहरात तमिळ लोकांचं कामाक्षीचं मोठं देऊळ आहे, गोपुरासकट. आधी ते वस्तीतल्या एका तळघरात होतं. उत्सवाची गर्दी वाढली तेव्हा शहराबाहेर, औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली. आम्ही मराठी मंडळी तिथे दर्शनाला जायचो. गोदामं, ट्रक आणि मधेच गोपुर. कोणाचा त्रास नाही, कारण कोणी शेजारीच नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून कोलोनच्या मशिदीतून शुक्रवारी दुपारी अजान लाउडस्पीकरवर द्यायला परवानगी मिळाली, फार तर पाच मिनिटं, आवाजाला मर्यादा घालून. त्यावरूनही वर्तमानपत्रांत रकाने भरले. मी एकदा मुद्दाम समोरच्या फुटपाथवर थांबलो होतो. शेजारी दोन पत्रकार माइक वर धरून उभे. सिग्नल सुटला, ट्रक निघाले, आणि आमच्यापैकी कोणालाच धड ऐकू आलं नाही.