शोएबच्या चेंडूपेक्षा वेगवान सर्व्हिस

प्रश्न : माझा नातू शिवाजी पार्कवर क्रिकेट शिकतो, तर नात टेनिस खेळते. महिला टेनिसपटूची सर्व्हिस शोएब अख्तरच्या चेंडूपेक्षा वेगवान असते, असे नात म्हणते आणि नातवाला ते मुळीच पटत नाही. खरे काय? हा विक्रम कोणाचा आहे?
— एक वाचक, दादर

उत्तर : आपल्या नातीचे म्हणणे बरोबर आहे. शोएबने २००३च्या विश्वचषकात टाकलेला चेंडू ताशी १६१.३ किलोमीटर वेगाचा होता. महिला टेनिसमधील सर्वाधिक नोंद ताशी २२० किलोमीटरची असून ती स्पेनच्या जॉर्जिना गार्सिया पेरेझच्या नावावर, २०१८ सालच्या बुडापेस्टच्या स्पर्धेतील आहे. तरीही नातवाने हिरमुसण्याचे कारण नाही, कारण ही तुलना मोकळा हात आणि रॅकेट यांच्यातली आहे. गोलंदाजाला सुमारे १६० ग्रॅमचा चेंडू कोपराला झटका न देता टाकावा लागतो. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमही भरत नाही आणि हाताच्या पुढे सुमारे ६८ सेंटिमीटरची रॅकेट असते. सर्व्हिस करताना आधी गुडघे वाकतात, मग कंबर आणि खांदे वळतात, कोपर वर येते, अखेरीस मनगटापर्यंतचा हात गर्रकन फिरतो आणि या साखळीत प्रत्येक टप्प्यावर वाढत गेलेला वेग रॅकेटच्या टोकापाशी पोहोचतो.

उंचीचाही यात मोठा वाटा आहे. चेंडू सरळ रेषेत जातो असे धरले, तर जाळ्याला न लागता सर्व्हिस-रेषेच्या आत पडण्यासाठी तो जमिनीपासून किमान २.६ मीटरवर मारावा लागेल. गुरुत्वाकर्षणामुळे थोडी सवलत मिळते, एवढेच. म्हणून बुटक्या खेळाडूला पूर्ण ताकदीने मारणे फार जोखमीचे ठरते.

बेलारूसच्या अरिना सबालेन्काने २०१८ मध्येच चीनमधील झुहाई येथे ताशी २१४ किलोमीटरची सर्व्हिस केली. तिने त्याच्या आदल्या वर्षी आपल्या चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर मुंबई ओपन जिंकली होती, हे मुंबईकरांनी आवर्जून लक्षात ठेवावे. त्याआधी जर्मनीच्या सबिने लिसिकीची २०१४ मधील ताशी २१०.८ किलोमीटरची नोंद गाजली होती.

मात्र रडार जो आकडा दाखवते, तो चेंडू रॅकेटवरून सुटतानाचा असतो. हवेचा विरोध आणि टप्पा यांमुळे समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचताना हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय रडार चेंडूच्या मार्गाशी किती तिरके बसवले आहे, त्यावरही आकडा बदलतो; तेव्हा निरनिराळ्या कोर्टवरील नोंदींमधील एक-दोन किलोमीटरच्या फरकावरून वाद घालण्यात माझ्या मते अर्थ नाही.

वेगाने सामना जिंकता येतोच असेही नाही. लिसिकीने विक्रमी सर्व्हिस केली तो सामना ॲना इव्हानोविचने जिंकला, आणि २०१६च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकाच सामन्यात ३१ बिनतोड सर्व्हिस करूनही क्रिस्टिना प्लिस्कोव्हा मोनिका पुइगकडून पराभूत झाली.